पाळीचा जुना त्रास : कारण कळलं आणि मग उपचार मिळाला, अशांनी लिहा

अबोली_चिंचवड

नमस्कार. थेट विषयावर येते. वय ४२. गेली काही वर्षं पाळीत अंगावरून खूप जातं. दुसऱ्या दिवशी तासाभरात पॅड भरतं, मोठ्या गाठी पडतात, रात्री उठून बदलावं लागतं. गादीवर जुनी चादर चौघडी करून घातल्याशिवाय झोपत नाही. ओटीपोटातलं दुखणं पाळीच्या आधीच सुरू होतं आणि कंबर, मांड्या सगळं ओढून धरतं. हिमोग्लोबिन ८.४. जिना चढला की धाप लागते.

आधी ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'बल्की युटेरस' वाचलं, 'दोन मुलं झालीत ना?' विचारलं आणि पिशवी काढून टाका म्हणाले. ती कशामुळे वाढलीय, दुसरं काही करता येतं का, याबद्दल चकार शब्द नाही. मी रिपोर्ट उचलून दुसऱ्या बाईंकडे गेले. त्यांनी नीट सगळं विचारून घेतलं, आतून तपासलं, थायरॉइड आणि फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा) करायला सांगितलं, योनीमार्गातून करतात ती सोनोग्राफी पुन्हा करून घेतली. ॲडेनोमायोसिस निघालं. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी त्याच्या स्नायूच्या भिंतीत शिरतात, पाळीच्या सुमारास तिथेही सूज येते, म्हणून गर्भाशय मोठं आणि दुखरं होतं, असं त्यांनी चित्र काढून समजावलं. आता माझ्यापुढे गोळ्या, मिरेना (गर्भाशयात बसवतात ते हार्मोनचं साधन) आणि ऑपरेशन असे तीन रस्ते आहेत.

धागा काढण्याचं कारण वेगळं आहे. आमच्या घरात आई, मोठी मावशी, आत्या, तिघींच्या पिशव्या चाळिशीच्या आतबाहेर काढल्या. कशासाठी, विचारलं तर तिघींचं उत्तर एकच, 'त्रास होता.' फाइल नाही, बायोप्सीचा रिपोर्ट नाही, अंडाशय ठेवली की तीही काढली हेसुद्धा माहीत नाही. बाईचा एक अवयव काढला जातो आणि तिला आजाराचं नाव माहीत नसतं, हे मला फार लागलं. माझ्या मुलीला तरी मला नाव सांगता आलं पाहिजे.

तेव्हा अनुभव लिहा. फक्त एक विनंती, औषधाचं नाव लिहाल तिथे ते तुम्हाला कशासाठी दिलं होतं तेही लिहा. नाहीतर वाचणारी तीच गोळी दुकानातून आणेल.

वृंदा_कराड

अबोली, कोणताही रस्ता घेतलास तरी आधी रक्त भरून काढ. मला फायब्रॉइडमुळे (गर्भाशयातल्या साध्या गाठींमुळे) जायचं, हिमोग्लोबिन सातवर आलं होतं आणि मी वर्षभर समजत होते की वयामुळे थकवा येतोय. केस गळणं, छातीत धडधड, बर्फ खावासा वाटणं, सगळं लोहाच्या कमतरतेचं होतं.

लोहाच्या गोळीबरोबर चहा नको, दूध नको, कॅल्शियमची गोळीही नको. मध्ये दोन तास जाऊ देत. लिंबूपाण्याबरोबर घेतली तर बरी. शी काळी होते, घाबरू नकोस. पोटाला अजिबात सोसत नसेल तर डॉक्टरांना एक दिवसाआड चालेल का ते विचार, बऱ्याच जणींना तसं देतात. मला शेवटी शिरेतून लोह दिलं. दवाखान्यात बसून सलाइनसारखं घेतलं आणि महिन्याभरात जिना चढताना फरक कळला. बीट-डाळिंब-खजूर जरूर खा, पण आठवर आलेलं हिमोग्लोबिन नुसत्या खजुराने वर येत नाही.

स्नेहल_खारघर

मला कुणी औषध सांगितलं नाही, एक गोष्ट सांगितली ती उपयोगी पडली. घरातल्या कालनिर्णयावर जिथे दुधाचा हिशोब लिहितो तिथेच लाल पेनाने लिहायचं. पाळीच्या तारखेला गोल, त्याखाली त्या दिवशी किती पॅड बदलले तो आकडा, गाठ पडली तर 'गा', दुखण्यामुळे गोळी घेतली तर 'गो'. मधल्या दिवसांत डाग दिसला तर टिंब. डॉक्टरांकडे जाताना ती पानं फाडून नेली. 'खूप जातं हो' म्हटलं तर कुणी मान वर करून बघत नाही. पानं समोर ठेवली तर बघतात. मधली टिंबं बघूनच त्यांना पॉलिपचा, म्हणजे अस्तरावर वाढलेल्या कोंबाचा, संशय आला. दुर्बिणीतून तो काढला आणि माझा त्रास तिथेच संपला. पिशवी जागेवर आहे.

डॉ_भीमाकाठ

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे, सोलापुरात प्रॅक्टिस करते. इथे कुणाचं निदान करणार नाही, पण अबोलीताईंचा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की सविस्तर लिहिते.

जास्त रक्तस्राव हे लक्षण आहे, आजाराचं नाव नाही. २०११ मध्ये फिगो या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या जागतिक संघटनेने त्यामागच्या कारणांची वर्गवारी नक्की केली, आज आम्ही तीच वापरतो. काही कारणं सोनोग्राफीत किंवा बायोप्सीत सापडतात : पॉलिप, ॲडेनोमायोसिस, फायब्रॉइड, आणि कर्करोग किंवा त्याच्या आधीची अवस्था. काही कारणं फोटोत दिसतच नाहीत : रक्त न गोठण्याचा दोष, बीज वेळेवर न फुटणं (यात थायरॉइड, पीसीओएस म्हणजे अंडाशयाच्या हार्मोनचा बिघाड, आणि पाळी जाण्याआधीची वर्षं येतात), अस्तराचाच दोष, आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा तांबी. कारण बदललं की उपचार बदलतो. थायरॉइडमुळे जाणाऱ्या बाईची पिशवी काढली तर थायरॉइड तिथेच राहतो.

आता रिपोर्टातल्या शब्दांबद्दल. 'बल्की युटेरस' हे वर्णन आहे, बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय थोडं मोठं असतंच. अस्तराची जाडी पाळीच्या दिवसागणिक बदलते. पाळी यायच्या आधी ती १२-१४ मिलिमीटर असणं नेहमीचं आहे, म्हणून सोनोग्राफी पाळीच्या कितव्या दिवशी केली ते रिपोर्टावर लिहून घ्या. आणि 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे, पुढे कॅन्सर होईल' हे वाक्य ऐकून ऑपरेशनला होकार देऊ नका. तो लालसर भाग पुष्कळदा साधा असतो. शंका असेल तर पॅप किंवा एचपीव्ही ही पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगासाठीची तपासणी असते, लागल्यास तिथला तुकडा तपासतात. त्यावरून ठरतं, नुसत्या नजरेने नाही.

घाई केव्हा करायची तेही सांगते. पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा रक्त दिसलं, संबंधानंतर किंवा दोन पाळ्यांच्या मध्ये जात असेल, पंचेचाळिशीनंतर नव्याने जास्त जायला लागलं, तर लवकर दाखवा. अस्तराची बायोप्सी लागू शकते. लठ्ठपणा, मधुमेह किंवा वर्षानुवर्षं अनियमित पाळी असेल तर ती कमी वयातही लागते. पॅड तासाला भरतंय, असं सलग दोन-तीन तास चाललंय आणि चक्कर येतेय, तर त्याच वेळी दवाखाना गाठा, सकाळची वाट बघू नका. आणि पाळी चुकून मग जास्त जात असेल तर वय ४५ असलं तरी आधी गरोदरपणाची तपासणी.

आजी_इचलकरंजी

आमच्या वेळी अशोकारिष्ट द्यायचे. दोन चमचे जेवणानंतर कोमट पाण्यातून. माझ्या सुनेलाही उतार पडला. गरम पदार्थ बंद करायचे, तीळ-गूळ-पपई नको. करून बघा बायांनो.

अबोली_चिंचवड

आजी, तुमच्या मायेबद्दल शंका नाही, आणि सूनबाईंना बरं वाटलं याचा आनंद आहे. मीही घेतलं होतं. पण माझ्यासारखं हिमोग्लोबिन आठवर आलेलं असताना बाटली संपेपर्यंत वाट बघणं धोक्याचं आहे. ज्यांना वैद्यांकडे जायचं त्यांनी जरूर जावं, शिकलेल्या वैद्यांकडे जावं, आणि सोनोग्राफी, रक्ताचे रिपोर्ट सोबत न्यावेत. कारण शोधायची पायरी मात्र कुठल्याच पॅथीत गाळू नका.

लेकीची_आई

आमची गोष्ट वेगळ्या वयाची आहे. मुलीला सातवीत पहिली पाळी आली आणि ती थांबेचना. आसपासच्या सगळ्यांनी सांगितलं, सुरुवातीला असं होतंच, वर्षभरात बसेल. शाळेत वर्गात डाग पडला म्हणून तिने शाळेत जायचं नाव टाकलं. दुखतं म्हणून मी मेफेनॅमिकची गोळी द्यायचे, बहुतेक घरांत ती असतेच.

मग एका बालरोगतज्ज्ञांनी आमच्यापैकी कुणालाच न सुचलेले प्रश्न विचारले. नाकातून रक्त येतं का? दाढ काढली तेव्हा किती वेळ वाहत होतं? साधं आपटलं तरी काळंनिळं होतं का? घरात कुणाला बाळंतपणात फार गेलं होतं का? सगळ्यांची उत्तरं हो होती. तपासणीसाठी परळला केईएमच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय रक्तविज्ञान संस्थेत गेलो. व्हॉन विलेब्रँड आजार निघाला. रक्त गोठायला लागणारं एक प्रथिन तिच्यात कमी आहे.

आता पाळीच्या दिवसांत रक्त जाणं कमी करणारं ट्रॅनेक्सॅमिक ॲसिड घेते आणि शाळा बुडत नाही. मेफेनॅमिक, आयब्युप्रोफेन, ॲस्पिरिन तिला बंद, कारण त्या गोळ्यांनी तिचं रक्त जास्त जाऊ शकतं. दुखलं तर पॅरासिटामॉल. दाढ काढायची असो की ऑपरेशन, आधी डॉक्टरांना सांगायचं असं कार्ड तिच्या दप्तरात असतं. पहिल्या पाळीपासून ज्या मुलीला असं जातं तिच्या आईने हे चार प्रश्न स्वतःच विचारावेत.

डॉ_भीमाकाठ

लेकीच्या आईची पोस्ट प्रत्येक शिक्षिकेने वाचावी अशी आहे. थोडी भर घालते. मेफेनॅमिक बऱ्याच जणींना चालते, दुखणं आणि जाणं दोन्ही कमी करते, फक्त रक्ताचा दोष, पोटात अल्सर, मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी टाळायची. २०२३ च्या अखेरीस इंडियन फार्माकोपिया कमिशनने तिच्याबद्दल इशाराही दिला होता. गोळी सुरू केल्यावर काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, गाठी सुजणं असं दिसलं तर बंद करून ताबडतोब दाखवायचं. असं क्वचित होतं, पण माहीत असावं. ट्रॅनेक्सॅमिक फक्त रक्त जाण्याच्या दिवसांत घेतात. पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात रक्ताची गाठ होऊन गेलेल्या बाईने घ्यायची नाही.

नीलम_डोंबिवली

डॉक्टर, एक विचारायचं होतं. गौरी-गणपतीत पाळी येऊ नये म्हणून दरवर्षी गोळ्या घेते. सासूबाईंच्या वेळेपासून घरात तसंच आहे. गोळ्या थांबवल्या की मग फार जातं. यंदा घेऊ की नको?

डॉ_भीमाकाठ

नीलमताई, ती बहुधा नॉरएथिस्टेरॉन आहे. थांबवल्यावर दोन-तीन दिवसांत पाळी येते आणि ती नेहमीपेक्षा जास्त असू शकते. रक्ताची गाठ होऊन गेली असेल, यकृताचा आजार असेल, डोळ्यांपुढे चमकून अर्धशिशी उठत असेल, तर विचारल्याशिवाय घेऊच नका. तुमचं दर महिन्याला जास्त जात असेल तर गणपतीची वाट न बघता त्याचं कारण शोधू या. आणि गौरी बसवायला घरातली दुसरी कुणी असेल तर तिला बसवू दे. गौरींना चालतं.

नीलम_डोंबिवली

शेवटचं वाक्य स्क्रीनशॉट काढून घरच्या ग्रुपवर टाकलं.

केजची_पोर

मी बीड जिल्ह्यातल्या केज तालुक्यातली. आमच्याकडे या विषयाला वेगळं वजन आहे, म्हणून लिहिते.

माझी आत्या आणि मामा ऊसतोडीला जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती फेडायची. एक दिवस काम चुकलं की खाडा, त्याचे पैसे कापतात. फडात ना आडोसा, ना पाणी. पाळीत कापडच वापरायचं आणि तेही धुवायला मिळेल तेव्हा. पोट दुखतंय, अंगावरून पांढरं जातंय म्हणून बाई दवाखान्यात गेली की तिला कॅन्सरची भीती घालायची आणि पिशवी काढायची. आत्याची काढली तेव्हा ती तिशीतही नव्हती. पोट दुखायचं थांबलं नाहीच, वर हाडं दुखायला लागली.

२०१९ मध्ये हे बाहेर आलं, विधान परिषदेच्या तेव्हाच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. बीड जिल्ह्यात ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यात १३ हजारांवर बायकांची पिशवी काढलेली निघाली. देशभराचा आकडा राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयात ३.३ टक्के आहे. तुलना करून बघा. तेव्हापासून आमच्याकडे खासगी दवाखान्याला या ऑपरेशनसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं सगळ्या राज्यांनी लागू करावीत असा आदेश दिला.

शहरातल्या ताईंना दुसऱ्या डॉक्टरांकडे जाता येतं. आमच्या बाईला त्या दिवसाचा खाडा पडतो. तिला योग्य उपचार मिळायचा तर फडाजवळ पाणी, संडास आणि पगारी सुट्टी आधी लागेल. मी आशाताईंबरोबर फिरते तेव्हा एवढंच सांगते, 'सही करण्याआधी डॉक्टरला आजाराचं नाव विचार आणि चिठ्ठीवर लिहून घे.' नाव लिहायला सांगितलं की काही जण ऑपरेशनची घाई करायचे थांबतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

मानसी_ठाणे

केजच्या ताईने लिहिलेलं वाचून काही वेळ काहीच सुचलं नाही. तरीही दुसरी बाजू लिहायला हवी, नाहीतर इथे वाचून कुणी गरजेचं ऑपरेशनही टाळेल.

मी पिशवी काढली, ४६ व्या वर्षी, आणि माझा निर्णय योग्य होता. ॲडेनोमायोसिस आणि फायब्रॉइड दोन्ही होतं, गर्भाशय चार-पाच महिन्यांच्या पोटाएवढं. गोळ्या झाल्या, मिरेना बसवली ती पाळीबरोबर बाहेर आली. (मोठ्या पिशवीत असं होतं हे मला आधीच सांगितलं होतं.) मग मी ठरवलं. बायोप्सी आधी केली. अंडाशय चांगली होती, ठेवली. ती लवकर काढली तर एकदम पाळी जाते आणि हाडं-हृदयावर परिणाम होतो. बीजनलिका मात्र काढल्या, त्याने अंडाशयाच्या कर्करोगाचा धोका कमी होतो असं समजावलं. दुर्बिणीतून झालं. सहा आठवडे बादली उचलायची नाही, खाली बसून लादी पुसायची नाही हे घरच्यांनी पाळलं. काढलेल्या गर्भाशयाचा तपासणी अहवाल माझ्या फाइलमध्ये आहे.

अबोली, तुझ्या मावशीत आणि माझ्यात फरक ऑपरेशनचा नाही. मला सगळं विचारून, सांगून झालं, एवढाच आहे.

मुग्धा_बेंगळुरू

माझं जाणं जास्त नव्हतं, दुखणं होतं. दहावीपासून. 'लग्न झालं की थांबेल', मग 'मूल झालं की थांबेल'. सोनोग्राफी दर वेळी नॉर्मल, त्यामुळे मी नाटकी. शेवटी एका डॉक्टरबाईंनी विचारलं, 'पाळीत शौचाला बसताना दुखतं का? संबंधांच्या वेळी?' हो म्हटलं आणि मला रडूच आलं, कारण हे विचारणारं पहिल्यांदाच कुणी भेटलं होतं. एमआरआयमध्ये एंडोमेट्रिओसिस दिसलं, म्हणजे अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाच्या बाहेर वाढतात तो आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रजननवयातल्या दहापैकी एकीला हा असतो. साध्या सोनोग्राफीत तो अनेकदा दिसत नाही. आता डायनोजेस्ट घेते, पाळी बंद आहे, कामावर जाते. सुरुवातीला डाग पडायचे आणि चिडचिड व्हायची. नंतर कमी झालं.

ज्यांना रिपोर्ट नॉर्मल म्हणून परत पाठवलंय त्यांनी थांबू नका. तुमचं दुखणं खरं आहे.

सायली_२३

मला उलटा प्रॉब्लेम. पीसीओएस आहे, चार-चार महिने येतच नाही. मैत्रिणी म्हणतात बरंच आहे की. हे चालतं का?

डॉ_भीमाकाठ

नाही चालत, सायली. बीज फुटत नाही तोवर अस्तर वाढत राहतं आणि त्याला उतरवणारं प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही. वर्षानुवर्षं असं राहिलं तर अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. साधारण तीन महिन्यांच्या वर पाळी पुढे जाऊ देऊ नये. गोळ्या देऊन ती आणता येते. साखर आणि रक्तदाबही तपासून घे. वजन जास्त असेल तर थोडं उतरलं तरी फरक पडतो. पण वजनावरून कुणी बोललं म्हणून डॉक्टरांकडे जायचं टाळू नकोस, तसं टाळणाऱ्या मुली मी फार बघते.

अबोली_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. केजच्या ताई, तुमचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. तिने जुन्या ट्रंकेत शोधून डिस्चार्ज कार्ड काढलं. त्यावर 'फायब्रॉइड' लिहिलेलं आहे, आणि अंडाशय ठेवल्याचंही. तिला हे आज कळलं.

माझं असं ठरलंय. आधी शिरेतून लोह. गर्भाशय थोडंच मोठं आहे आणि आतली पोकळी सरळ आहे, म्हणून मिरेना बसण्याची शक्यता चांगली आहे असं बाई म्हणाल्या. आठवड्याला घ्यायच्या ऑर्मेलॉक्सिफेनबद्दलही विचारलं (लखनऊच्या सरकारी संस्थेत शोधलेली, 'सहेली' नावाने येते ती). जास्त जाण्यावर तीही देतात, पण माझं दुखणं मोठं असल्याने त्यांनी मिरेनाला पसंती दिली. वर्षभर बघायचं. नाहीच जमलं तर मानसीताईंसारखं ऑपरेशन, तेव्हा मनात किंतु नसेल.

कुणी बसवली असेल तर पहिले महिने कसे जातात ते सांगाल का? नोकरी फिरतीची आहे.

वृंदा_कराड

माझ्या बहिणीने बसवली आहे. पहिले तीन ते सहा महिने रोज थोडे-थोडे डाग पडत राहतात, कधी महिनाभर सलग. इथेच बऱ्याच जणी वैतागून काढून टाकतात. तिने धीर धरला, नंतर पाळी नुसत्या डागांवर आली. पाळी बंद झाली तर रक्त आत साठतंय असं कुणी सांगेल, तसं काही नसतं, अस्तरच पातळ होतं. बसवताना आणि त्या रात्री कळ येते, सुट्टी टाक. चार-सहा आठवड्यांनी जागेवर आहे का ते तपासून घे. फिरतीवर जाताना पिशवीत पातळ पॅड असू देत. अचानक खूप जायला लागलं किंवा ताप येऊन पोटात दुखलं तर पुढच्या तारखेची वाट न बघता बाईंना फोन कर.